माईंचा फोन खालीच चार्ज होतो

माईंच्या फोनला वरच्या मजल्यावरची वीज मानवत नव्हती. स्वयंपाकघरातल्या बोर्डावर लावा, उशाशी लावा, टीव्हीची पिन काढून तिथे लावा, फोन आपला ढिम्म. तोच फोन जिना उतरून बेबीच्या टेबलावर बेबीच्या चार्जरला लावला, की टुंग असा आवाज करायचा आणि बॅटरीच्या चित्रात हिरवा रंग चढायला लागायचा. फोनलाही माणसासारख्या आवडीनिवडी असतात असं माईंचं मत होऊन बसलं होतं, आणि ते बदलायची त्यांना मुळीच घाई नव्हती.

बेबी म्हणजे माईंची धाकटी जाऊ. साठी उलटून गेली तरी बेबीच. आणि माईंचा एकुलता एक मुलगा म्हणजे बाळ, तो चाळिशीला टेकला होता. या घरात बेबीचे गुडघे दुखायचे आणि बाळाला टक्कल पडत चाललं होतं. नव्या माणसाला हे आधी नीट समजावून सांगावं लागायचं, नाहीतर तो घाबरायचा.

घर एकेकाळी एकच होतं. मग दोघा भावांनी वरचं एकाचं, खालचं दुसऱ्याचं असं ते वाटून घेतलं. भाऊ हसत हसत वेगळे झाले. भांडल्या त्या त्यांच्या बायका, आणि त्याही कशावरून, तर जेवणाच्या टेबलावरून. टेबल जिन्याच्या वळणावर अडकलं, वर जाईना, म्हणून ते खाली राहिलं. त्याच्या सहा खुर्च्यांपैकी तीन माईंनी हट्टाने वर नेल्या. तेव्हा बेबी म्हणाली, "न्या, खुशाल न्या. पण तुमच्याकडे येतंय कोण त्यांच्यावर बसायला?" माई कसल्या गप्प बसतात! त्या म्हणाल्या, "आणि तुझी टकळी ऐकायला तुझ्याकडे तरी कोण बसतंय?"

दोघींचेही नेम बरोबर लागले. पुढे दोघे भाऊ एकामागून एक गेले, बाळ नोकरीसाठी परगावी गेला, घरात या दोघीच उरल्या, तरी बोलणं काही जिन्याच्या पुढे सरकलं नाही. "पाणी चढलं का?" "चढलं." "मोटर बंद केली?" "केली." कित्येक वर्षं या दोन जावांना गच्चीवरच्या टाकीशिवाय दुसरा विषय नव्हता.

अशात माईंचा फोन बिघडला, आणि काय सुरेख बिघडला म्हणून सांगू!

झालं असं, की टाकी भरून वाहायला लागली होती. बेबीने खालून फोनवर फोन केले, एकही लागेना. शेवटी ती दुखरे गुडघे घेऊन तणतणत वर आली. "माई, अहो, अंगणात तळं झालंय! फोन का लागत नाही तुमचा?"

"मेलाय तो," माई म्हणाल्या. "काल दिवसभर लावून ठेवला होता, तरी चार्जच होत नाही."

"आणा इकडे," म्हणून बेबीने तो जवळजवळ हिसकावूनच नेला. खाली तिच्या चार्जरला तो लागला, पण जरा धक्का लागला की चार्जिंग तुटायचं. मग बेबीने फोन मिठाच्या बरणीला तिरका टेकवला, वायरीवर एक जड काचेचा पेपरवेट ठेवला, आणि मागोमाग खाली आलेल्या माईंना सांगितलं, "आता इथे कुणीतरी राखणीला बसायला पाहिजे. हलला की तुटतं. मला कामं आहेत, तुम्हीच बसा."

माई बसल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर, परक्या घरात बसल्यासारख्या. लहान मुलांच्या कपड्यांच्या एका दुकानासाठी त्या तान्ह्या बाळांचे स्वेटर विणायच्या, त्यामुळे विणकामाची पिशवी कायम बरोबर असायची. त्यांनी सुया काढल्या आणि खाली मान घालून विणत राहिल्या. पहिल्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी बेबीने न विचारता चहाचा कप समोर आदळला. तिसऱ्या दिवशी ती समोर येऊन बसली, आणि बेबी एकदा बसली म्हणजे बोलणारच.

बेबीचं सगळं आयुष्य एका सिनेमा थिएटरच्या तिकीट खिडकीवर गेलं होतं. तो पेपरवेटही तिथलाच. खिडकीच्या भोकातून तिने अख्खं गाव हातांवरून ओळखलं होतं, आणि गोष्टींचा तिच्याकडे नुसता खजिना होता.

"एकदा काय झालं," ती म्हणाली, "एक गृहस्थ आले. म्हणे, एकच तिकीट द्या, आणि आमची मंडळी विचारायला आली तर मी आलो होतो हे सांगू नका. मी दिलं. पाच मिनिटांनी त्यांची बायको हजर. एकच तिकीट द्या, आणि आमच्या ह्यांना सांगू नका!"

"मग?" माईंच्या सुया थांबल्या.

"मग काय? मी शेजारशेजारची दिली."

"अगं बाई! आणि?"

"आणि काय, मध्यंतराला दोघं एकाच पुड्यातून चणे खात बाहेर आली."

माई इतक्या हसल्या, की सुईवरचे टाके ओघळले. आपण शेवटचं असं कधी हसलो होतो ते त्यांना आठवेना. त्या दिवशी वर आल्यावर तिन्ही खुर्च्या त्यांना फार रिकाम्या वाटल्या, आणि हे त्यांनी स्वतःपाशी कबूलही केलं.

त्यानंतर रोज चार वाजले, की माई फोन, पिशवी आणि गुपचूप केलेलं काहीतरी खाणं घेऊन जिना उतरायच्या. कधी फोनची बॅटरी सकाळची चांगली उरलेली असायची. मग दुपारी माई त्याचा टॉर्च लावून तो उन्हात खिडकीत ठेवायच्या, म्हणजे चारपर्यंत व्यवस्थित संपायचा. विणताना उरलेली लोकरीची टोकं त्या टेबलावर टाकायच्या आणि बेबी ती उचलून एका कान तुटलेल्या कपात जमवायची. "असू देत," ती म्हणायची, "कशाला तरी उपयोगी पडतील."

तुम्ही म्हणाल, मग फोन बरा असता तरी माईंना जाता आलं असतं की. नसतं आलं. इतक्या वर्षांचा अबोला मोडून हात हलवत कुणाच्या दारात जायचं म्हणजे आपली हार कबूल करणं, आणि माई हार कबूल करणाऱ्यांतल्या नव्हत्या. बेबीही नव्हती. बिघडलेला फोन होता म्हणून दोघींची अब्रू शाबूत होती.

आणि एके दिवशी बाळ रजेवर आला.

बाळ लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. बंद पडलेली कुठलीही वस्तू दिसली, की त्याचे डोळे चमकायचे. दुपारी चारला आई फोन घेऊन जिना उतरताना दिसली तेव्हा त्याने विचारलं, "कुठे निघालीस?"

"फोन चार्ज करायला. वर होत नाही तो."

"वर होत नाही म्हणजे? खाली होतो?"

"बेबीच्या चार्जरवर होतो."

बाळाचे डोळे चमकले.

"जाऊ दे रे," माई घाईघाईने म्हणाल्या. "जुना झालाय आता."

"मग नवीन घेऊन टाकू."

"नको नको! काय वाईट आहे याच्यात?"

"अगं, आत्ताच म्हणालीस ना जुना झाला म्हणून?"

नवीन घेतला तरी पंचाईत, जुना दुरुस्त झाला तरी पंचाईत. माईंनी फोन पदराखाली घेतला, पण बाळाने हात पुढे केलेलाच होता. "हे बघ आई, आमच्याकडे एक नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, की बिघाड नक्की कशात होता ते कळतच नाही. आधी चार्जर बघू."

तो आईचा चार्जर घेऊन खाली गेला. माई पाठोपाठ. बेबी दारातच उभी होती. माईंना चारला यायला उशीर झाला म्हणून डोकावत असणार.

"काकू, तुझा फोन दे. आईच्या चार्जरला लावून बघतो."

बेबीने माईंकडे पाहिलं. माईंनी जमिनीकडे पाहिलं. बेबीने फोन दिला आणि तो मुकाट चार्ज व्हायला लागला.

"म्हणजे चार्जर ठीक," बाळ खूश होऊन म्हणाला. "आता तुझा चार्जर वर नेतो. वरचा बोर्ड तपासू."

"अरे, वरच्या मजल्यावर वीजच कमी चढते," बेबी म्हणाली. "पाणी नाही का कमी दाबाने चढत? तसंच."

लिफ्टवाल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे धाडसच. बाळ पोट धरून हसला. पण माईंना मात्र बेबीबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. हिला वीज काय हे पक्कं ठाऊक आहे, म्हणजे ही खोटं बोलतेय, आणि ते कुणासाठी? माईंनी ताबडतोब री ओढली. "हो ना, आमचा मिक्सरसुद्धा हळू फिरतो."

बाळाने दोघींकडे बारकाईने पाहिलं. बेबीचा चार्जर वर नेऊन त्याने स्वयंपाकघरातल्या बोर्डाला लावला, माईंचा फोन हाताने थोडा दाबून धरला, आणि टुंग! वरच्या मजल्यावरच्या विजेची अब्रू परत मिळाली.

"बोर्ड ठीक, चार्जर ठीक. म्हणजे बिघाड फोनमध्येच," बाळ म्हणाला. "काकूच्या चार्जरची पिन जराशी लांब आहे, म्हणून ती कशीबशी पोचते. पण ती पोचायला अडतंय कशाला?"

त्याने फोन बंद केला, खिडकीशी नेला आणि टॉर्चने त्याच्या तळाच्या भोकात पाहिलं. मग आईकडे वळून विचारलं, "तू हा फोन ठेवतेस कुठे?"

माईंनी विणकामाची पिशवी पुढे केली. पिशवीत फोनसाठी एक लोकरीची पिशवी होती, त्यांनीच विणलेली, वर बटण आणि एक छोटं फूलसुद्धा. फोनला थंडी वाजू नये इतकी जाड.

बाळाने कपाळावर हात मारला. लाकडी टूथपिक घेऊन तो अलगद आत कोरायला लागला. "सुई घालायची नाही हं आई, धातूचं काही घालायचं नाही. फोन बंद करायचा, लाकडाची काडी घ्यायची आणि कडेकडेने हळूच काढायचं." आणि आतून लोकर निघाली. दाबून दाबून घट्ट गोळा झालेली, एकावर एक रंगांचे थर असलेली. सगळ्यात वर थोडी आकाशी, तिच्याखाली गुलाबी, अगदी तळाशी पिवळी.

"ही पिवळी त्या जुळ्यांच्या जोडीची," माईंच्या तोंडून निघून गेलं. "गुलाबी नंतरची." आपल्या हाताचं काम त्यांना ओळखू येणारच. त्यांनी विणलेल्या एकेका स्वेटरने जाता जाता या भोकात आपला वाटा ठेवला होता.

बाळाने फोन सुरू करून आईच्याच चार्जरला लावला. टुंग. हलवला, उलटा केला, वायर ओढली. चार्जिंग तुटेना.

"झालं!" त्याने जिन्यात जाऊन खाली हाक मारली. "काकू, लागला गं शोध! भोकात लोकर अडकली होती, काडीने काढली! बरा झाला फोन!"

खालून बेबी म्हणाली, "बरं झालं हो." आणि तिचं दार लागल्याचं माईंना ऐकू आलं.

"अगं, तुला आनंद नाही झाला?" बाळाने विचारलं.

"झाला की," माई म्हणाल्या आणि रडू येऊ नये म्हणून स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसायला लागल्या. मुलगा गुणाचा होता, कष्टाळू होता, त्याने आईचं काम केलं होतं. आणि त्या घटकेला माईंना त्याचा असा राग आला होता, की त्याला उचलून त्याच्याच एखाद्या लिफ्टमध्ये बसवून वरच्या मजल्यावर विसरून यावं.

रजा संपवून बाळ गेला. जाताना टूथपिकची डबी आईच्या फोनशेजारी ठेवून गेला आणि लोकरीची पिशवी वापरायची नाही अशी ताकीद देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. फोन उशाशी गच्च भरून पडला होता. माईंनी टॉर्च लावून पाहिला, पण बॅटरी संपवून तरी करायचं काय? आता ती वरही भरणार. नवा, पिस्ता रंगाचा स्वेटर त्यांनी बाळ यायच्या आदल्याच दिवशी खाली बसून सुरू केला होता, तो घेऊन त्या खुर्चीवर बसल्या. चार टाके घातले, दोन उसवले. उरलेल्या दोन खुर्च्या समोर होत्याच.

पाण्याचं निमित्त काढावं का? टाकी सकाळीच भरली होती. साखर मागावी? डबा काठोकाठ होता, आणि बेबीला ते माहीत होतं, कारण त्याच दिवशी तिनेच विचारलं होतं. "जाऊन नुसतं बसले तर काय होईल?" त्यांनी स्वतःलाच मोठ्याने विचारलं. काहीही झालं नसतं. पण पाय जिन्याकडे वळेनात. जुना हट्ट गुडघेदुखीपेक्षा चिवट असतो.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल, थांबा. माईंनी विणकाम बाजूला टाकलं आणि दारावर थाप पडायच्या आतच दार उघडलं.

बेबी कठड्याला धरून धापा टाकत उभी होती. चेहरा तिकीट खिडकीवर असायचा तसा, कामापुरता. तिने आपला फोन पुढे केला.

"माई, माझा फोन चार्ज होईना हो. काल रात्रीपासून. तुमच्याकडे काडी आहे ना ती, बघता का जरा?"

"बघते की. ये, आत ये."

बेबी आत आली. खोलीत सगळीकडे पाहिलं आणि तिन्ही खुर्च्यांपैकी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. माईंनी चष्मा लावला, फोन बंद केला, टॉर्च धरला आणि भोकात पाहिलं.

आत लोकर होती. पिस्ता रंगाची. ना धूळ, ना मळ, ना थर. कालपर्यंत कान तुटलेल्या कपात असलेलं, कात्रीने सरळ कापलेलं, स्वच्छ, मऊ टोक. कुणीतरी फार काळजीने, थोडं थोडं करत आत सारलं होतं. बेबीला विणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तिचा फोन दिवसरात्र फळीवर असायचा.

माईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं. बेबी खिडकीबाहेर बघत होती. अगदी मन लावून, जसं काही बाहेर सिनेमाच चालू होता.

टूथपिकची डबी हाताशीच होती. माईंनी ती उचलली, क्षणभर हातात धरली आणि उठून फडताळातल्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, डाळीच्या डब्यामागे ठेवून दिली.

"मोठा बिघाड दिसतोय," त्या परत येऊन म्हणाल्या.

"हो का?" बेबीने वळून विचारलं. "बरा होईल ना?"

"होईल, पण वेळ लागेल. रोज थोडं थोडं काढावं लागेल. घाई करून चालायचं नाही."

"मग रोज आणावा लागेल?"

"रोज. आणि ठेवून जाता यायचं नाही, बसावं लागेल. पण उद्या तू नको चढूस, तुझे गुडघे दुखतात. उद्या मी काडी घेऊन खाली येते."

बेबीने खुर्ची पुढे ओढून घेतली.

"चहा ठेवता का माई? आणि एक राहिलंच तुम्हाला सांगायचं. ते दोघं नवरा-बायको होते ना, चोरून तिकीट काढणारे? ते पुढच्या आठवड्यात परत आले."

"वेगवेगळे?"

"अर्थात वेगवेगळे! आणि दोघांनी मला हळूच काय सांगितलं असेल?"

"काय?"

"मागच्या वेळचीच सीट द्या."